काढे, रस, चूर्णं, हर्बल कॅप्सूल आणि लिव्हर: घरात काय तपासायचं, कधी थांबायचं, कुठे जायचं

घरात कोणी रोज सकाळी गुळवेलीचा रस घेतंय, कोणी अश्वगंधाची कॅप्सूल, कोणी वजन उतरवायची हर्बल पावडर, असं असेल तर हे वाचून ठेवा आणि आईबाबांना पण वाचून दाखवा. मी ठाण्यात पॅथॉलॉजी लॅबसाठी घरी जाऊन ब्लड सॅम्पल घ्यायचं काम करते, नौपाडा, घोडबंदर रोड, कळवा आणि तिथून पुढे ठाणे-बेलापूर रोडने ऐरोली, कोपरखैरणेपर्यंत. मी डॉक्टर नाही. पण लोकांच्या घरातली टेबलं आणि लोकांचे रिपोर्ट दोन्ही माझ्या नजरेखालून जातात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल हे घरच्यांच्या मनातच येत नाही, त्याची मला खरंच काळजी वाटते.

फॉर्म भरताना "औषधं काय चालू आहेत" विचारलं की उत्तर येतं, "काही नाही गं, बीपीची एक गोळी." आणि बाजूलाच टेबलावर तीन डबे, एक काढ्याची बाटली. ते औषधात मोजत नाही आपण, ते "आपलं घरगुती", "नॅचरल". लिव्हरला मात्र पोटात गेलेलं सगळंच निस्तरावं लागतं, डॉक्टरने लिहून दिलेलं असो की मोबाईलवर ऑर्डर केलेलं असो.

आधी थोडं खरं चित्र सांगते म्हणजे उगाच घाबरवतेय असं वाटणार नाही. हर्बल घेणाऱ्या बहुतेक लोकांना काही होत नाही. पण ज्यांना होतं त्यांच्यातल्या काहींना फार जड जातं. देशभरातल्या हॉस्पिटलांनी मिळून औषधांमुळे लिव्हर बिघडलेल्या १२८८ पेशंटची नोंद ठेवली होती, ती २०२१ मधे छापून आली, त्यात पहिला नंबर टीबीच्या औषधांचा होता आणि दुसरा नंबर आयुर्वेदिक, हर्बल वगैरे पर्यायी औषधांचा, साधारण १४ टक्के. अमेरिकेत अशीच नोंद ठेवतात, तिथे हर्बल आणि सप्लिमेंटचा वाटा २००४ च्या सुमाराला ७ टक्के होता तो दहाएक वर्षांत २० टक्क्यांवर गेला. म्हणजे हे फक्त आपल्याकडचं किंवा फक्त आयुर्वेदाचं प्रकरण नाहीये, आणि चांगल्या शिकलेल्या वैद्यांकडे जाऊ नका असंही मी म्हणत नाहीये. माझा मुद्दा आहे तो मनाने, विना तपासणी, महिनोन्महिने घेतल्या जाणाऱ्या गोष्टींबद्दल.

पहिलं काम: सगळं एका टेबलावर आणा

रविवारी सकाळी बसा आणि घरातलं सगळं बाहेर काढा. फ्रिजच्या दारातली ज्यूसची बाटली, देवघराजवळचं चूर्ण, ऑफिसच्या बॅगेतली कॅप्सूल, जिमच्या बॅगेतला डबा, गावाहून मामांनी पाठवलेली पुडी, जांभळी नाक्यावरून काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेल्या मुळ्या, सगळं. सोसायटीच्या कुंपणावरची गुळवेल तोडून कोणी उकळत असेल तर तेही लिहा.

विचारायची पद्धत फार महत्त्वाची आहे. "औषध घेता का" विचारलंत तर "नाही"च येणार. त्यापेक्षा दिवस धरून विचारायचं. "आई, उठल्यावर तोंड धुतल्यापासून काय काय घेतेस गं?" "बाबा, चालायला जाता तेव्हा तिथे कसला रस पिता?" "काकू, झोपताना पोट साफ व्हायला काही घेता का?" "गुडघ्यासाठी काही चालू आहे का?" "ती शेजारच्या वहिनींनी दिलेली पावडर संपली की चालू आहे अजून?" असं विचारलं की एकेक बाहेर येतं. आवाज चढवायचा नाही. एकदा का "तुम्ही काय कचरा खाता" असं बोललात की पुढच्या वेळी डबा कपाटात जाईल आणि तुम्हाला कळणारच नाही.

मग प्रत्येकाचा फोटो काढा, पुढून आणि मागून, घटकांची यादी आणि बॅच नंबर वाचता येईल असा. वहीत किंवा फॅमिली ग्रुपवर चार गोष्टी लिहा: नाव, कधी सुरू केलं, दिवसातून किती, कोणी सांगितलं. तारीख आठवत नसेल तर सणावरून काढा, गणपतीच्या आधी की नंतर, दिवाळीत होतं का. ही तारीख पुढे डॉक्टरांना सगळ्यात जास्त उपयोगी पडते, कारण असा त्रास बऱ्याचदा सुरू केल्यापासून काही आठवडे ते तीन-चार महिन्यांत दिसतो. कधी त्याहून उशिरा पण दिसतो, म्हणून "दोन महिने झाले, काही नाही झालं" हा पुरावा धरू नका.

कुठल्या डब्यांकडे जास्त बघायचं

गुळवेल, म्हणजे गिलोय. कोविडच्या काळात इम्युनिटीसाठी अख्ख्या महाराष्ट्राने प्यायली. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर दरम्यान बघितलेल्या सहा पेशंटची माहिती २०२१ मधे छापली, त्यांच्यात लिव्हरला सूज होती आणि स्वतःचीच प्रतिकारशक्ती लिव्हरवर उलटल्यासारखं चित्र होतं, काहींना आधीपासून थायरॉइड किंवा डायबेटीस होता. तेव्हा आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की गुळवेल सुरक्षित आहे आणि दिसायला तशाच दुसऱ्या जातीच्या वेलीची गल्लत झाली असेल. तशी एक जात आहे हे खरं आहे, ती लिव्हरला वाईट म्हणून आधीपासून माहिती आहे. पण नंतर २०२२ मधे देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ पेशंटचा अभ्यास आला, त्यात पिणं सुरू केल्यापासून त्रास सुरू होईपर्यंतचा मधला आकडा ४६ दिवस होता, म्हणजे निम्म्यांना दीड महिन्याच्या आतच त्रास झाला. मला विचाराल तर ज्यांना ऑटोइम्यून आजार (स्वतःचीच प्रतिकारशक्ती अंगावर उलटण्याचा) आहे किंवा आधीच लिव्हरचा त्रास आहे त्यांनी ती मनाने घेऊच नये, आणि येऊरला फिरायला गेलं की कुठलीही हृदयाच्या आकाराच्या पानांची वेल तोडून आणायची ही सवय तर बाकी सगळ्यांनीही सोडावी.

अश्वगंधा. हल्ली झोप लागावी, टेन्शन कमी व्हावं, जिममधे ताकद यावी म्हणून पंचविशीतली मुलंपण घेतात. हिच्यामुळे लिव्हर बिघडल्याच्या केसेस आइसलँड, अमेरिका आणि आपल्याकडेही छापून आल्यात. बऱ्याचदा कावीळ आणि अंगाला भयंकर खाज, ती महिना-महिना जात नाही. बहुतेक जण बंद केल्यावर बरे होतात पण ज्यांचं लिव्हर आधीच खराब होतं त्यांच्यात मृत्यूही झालेत. डेन्मार्कने २०२३ मधे अश्वगंधावर बंदी घातली.

हळद. हे ऐकून सगळे चिडतात, म्हणून नीट सांगते. आमटीतली, भाजीतली, दुधातली हळद बिनधास्त खा. प्रश्न आहे तो कर्क्युमिनच्या कॅप्सूलचा. आपल्या हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं. ५०० मिलिग्रॅमची ९५ टक्केवाली एक कॅप्सूल म्हणजे कर्क्युमिनच्या हिशोबाने जवळपास १५ ग्रॅम हळद, चारपाच चमचे, तीसुद्धा रोज. वर त्यात मिरीतलं पायपरीन घातलेलं असतं, ते मुद्दाम घालतात कारण कर्क्युमिन तसं आतड्यातून अंगात फारसं जात नाही आणि पायपरीनने ते कित्येक पटींनी जास्त शोषलं जातं. म्हणजे आपल्या आज्यांनी जे पिढ्यानपिढ्या खाल्लं ते वेगळं आणि ह्या डब्यात आहे ते वेगळं. अमेरिकेतल्या अशा दहा पेशंटमधे सात जणांत एकच ठराविक जीन सापडला, त्यामुळे कोणाला बाधतं आणि कोणाला नाही ह्यात आईबापांकडून आलेल्या गोष्टींचा हात आहे असं दिसतं. "माझ्या मैत्रिणीला काही झालं नाही" हे म्हणूनच चालत नाही.

ग्रीन टीचं पण तसंच. कप दोन कप चहा पिणं वेगळं आणि वजन कमी करायच्या गोळीतला ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट वेगळा. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१८ मधे सांगितलं की त्यातला ईजीसीजी नावाचा घटक सप्लिमेंटमधून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेला तर लिव्हरचे एन्झाइम वाढताना दिसतात. उपाशीपोटी घेतलं की रक्तात आणखी जास्त जातं, आणि नेमकं वजनासाठी घेणारे लोक तेच करतात. वजन उतरवायच्या मिश्रणात गार्सिनिया कंबोजिया पण असतं, त्याच्याही केसेस आहेत. (नाव बघून आपल्या कोकमाला घाबरू नका. कोकम त्याच कुळातलं पण वेगळं झाड आहे आणि मी बोलतेय ते कॅप्सूलमधल्या अर्काबद्दल.)

बाकीचे भराभर सांगते. कोडासाठी दिली जाणारी बावची, पोटातून घेतली तर लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. कोरफडीचा रस, नोनीचा रस, दोन्हींच्या आहेत. पोट साफ व्हायला वर्षानुवर्ष सोनामुखी घेणं, त्याच्याही आहेत. भस्म असलेली औषधं कुठूनतरी सुटी घेतली तर शिसं, पारा, आर्सेनिकचा प्रश्न येतो. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची अमेरिकेत तपासणी झाली होती, २००८ मधे आली ती, त्यात साधारण पाचातल्या एका औषधात ह्यातला एखादा धातू सापडला.

आणि सांधेदुखीच्या, दम्याच्या, "ताकदीच्या" बिननावाच्या पुड्या, ह्यांची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण अशा पुड्यांत स्टिरॉइड किंवा पेनकिलर मिसळलेले निघालेत. दोन दिवसांत गुडघा दुखायचा थांबला तर खूश होण्याआधी विचार करा. पण एक लक्षात ठेवा, अशी पुडी महिनोन्महिने घेत असाल तर एकदम बंद करण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण आत स्टिरॉइड असेल तर ते अचानक तोडणं धोक्याचं असतं. जिममधल्या पोरांसाठी तसंच, "टेस्टो बूस्टर" म्हणून जे मिळतं त्यात कधीकधी खरंच ॲनाबॉलिक स्टिरॉइड असतं आणि त्याने होणारी कावीळ दोन-दोन तीन-तीन महिने उतरत नाही.

उपवनला किंवा नेरूळच्या ज्वेलला सकाळी चालून झालं की जे रस पितात लोक त्यातल्या दुधीबद्दल एक वाक्य. दुधी कडू लागला तर एक घोट पण घेऊ नका, थुंकून टाका, त्याने उलट्या, रक्तस्राव होऊन बीपी पडतं. हा लिव्हरचा विषय नाही, पण आलाच आहे तर.

लेबल कसं वाचायचं

आधी हे बघा की डबा औषध म्हणून विकलाय की अन्न म्हणून. आयुर्वेदिक औषध असेल तर तसं लिहिलेलं असतं आणि औषध बनवायचा लायसन्स नंबर असतो. सप्लिमेंट असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा, १४ आकडी नंबर असतो आणि "औषधी वापरासाठी नाही" अशा अर्थाची ओळ इंग्रजीत छापलेली असते. ती ओळ असलेल्या डब्यावर कोणी तुम्हाला "ह्याने शुगर जाते" सांगत असेल तर तो डबा परत द्या. दोन्हींपैकी कुठलाच नंबर नसेल तर पुढे वाचायची गरजच नाही, घेऊ नका.

"प्रोप्रायटरी ब्लेंड" असं लिहून आत किती काय ते सांगितलेलं नसेल, किंवा पंधरा-वीस वनस्पती एका गोळीत असतील, तर त्रास झाल्यावर नेमकं कशाने झाला ते कोणीच सांगू शकणार नाही. आणि लायसन्स नंबर असला म्हणजे ते तुमच्या अंगाला सोसेलच असा त्याचा अर्थ होत नाही, एवढं डोक्यात ठेवा.

अंगावर काय दिसलं की थांबायचं

कावीळ डोळ्यात दिसायच्या आधी बरेच दिवस अंग बोलत असतं. जेवण नकोसं वाटणं, फोडणीच्या वासाने मळमळणं, दोन जिने चढून बसावंसं वाटणं, उजवीकडे फासळीखाली जड वाटणं. लघवी भरपूर पाणी पिऊनपण चहासारखी होणं. शौचाला पांढुरकं, मातीच्या रंगाचं होणं. अंगावर पुरळ काहीच नाही आणि तळहात-तळपाय खाजतायत, रात्री जास्त. डोळे पिवळे दिसतात तोपर्यंत रक्तातलं बिलिरुबिन अडीच-तीनपर्यंत गेलेलं असतं, ते साधारण एकपर्यंत नॉर्मल धरतात, म्हणजे डोळ्याची वाट बघत बसू नका. आणि बघायचे असतील तर उजेडात, खिडकीपाशी बघा, ट्यूबलाइटखाली कळत नाही.

ह्यातलं काही दिसलं की त्याच दिवशी सगळं हर्बल, सगळी सप्लिमेंट बंद. कमी करून नाही, एक दिवसाआड नाही, पूर्ण बंद. (फक्त वर सांगितलेली बिननावाची पुडी महिनोन्महिने चालू असेल तर ती तोडण्याआधी त्याच दिवशी डॉक्टर.) हाच मुख्य उपचार आहे, बहुतेक लोकांचं लिव्हर एवढ्याने सावरतं. पण डॉक्टरने दिलेली बीपीची, शुगरची, फिटची, टीबीची गोळी मनाने बंद करायची नाही. टीबीवाल्यांनी तर लघवी चहासारखी गडद झाली की त्याच दिवशी सेंटरला किंवा डॉक्टरला फोन करायचा, त्या गोळ्यांनी लिव्हर बिघडू शकतं आणि कुठली थांबवायची, कुठली परत कधी सुरू करायची हे तेच ठरवतात. टीबीच्या गोळ्या चालू असताना "लिव्हरला सपोर्ट" म्हणून वर काढा सुरू करणारे खूप आहेत, कृपा करून करू नका.

आता धोक्याच्या खुणा. माणूस असंबद्ध बोलायला लागला, दिवसा झोपतोय आणि रात्री टक्क जागा आहे, हात पसरले की फडफडतात, हिरड्यांतून रक्त, कुठेही न आपटता काळेनिळे डाग, पोट फुगलं, सतत उलट्या. कावीळ आणि ह्यातलं एक जरी असलं तरी तो लिव्हर फेल होण्याचा इशारा असू शकतो. सकाळची वाट नाही बघायची, रात्री दोन वाजले असतील तरी १०८ ला फोन किंवा गाडी काढून थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. जिथे लिव्हरचे स्पेशालिस्ट आणि जमलं तर ट्रान्सप्लांटची सोय आहे अशा ठिकाणी लवकर पोचलेलं बरं, कारण नंतर हलवायला वेळ राहत नाही. गरोदर बाईला कावीळ दिसली तर बाकी काही लक्षण नसलं तरी लगेच हॉस्पिटल, तिच्यात ई प्रकारची कावीळ फार वेगाने बिघडते.

टेस्ट

सुरुवात एलएफटीपासून, म्हणजे लिव्हर फंक्शन टेस्ट, साधारण उपाशी राहायची गरज नसते. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटलमधे, वाशीच्या मनपा हॉस्पिटलमधे किंवा जवळच्या कुठल्याही चांगल्या लॅबमधे होते. त्यात एसजीपीटी आणि एसजीओटी हे लिव्हरच्या पेशींना मार बसला की वाढतात, अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी पित्ताचा रस्ता अडला की वाढतात, बिलिरुबिन म्हणजे कावीळ. लिव्हर काम किती करतंय हे कळतं ते पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) आणि अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन) ह्यांवरून. पीटी-आयएनआर बऱ्याचदा एलएफटीच्या पॅकेजमधे नसतं, वेगळं सांगावं लागतं, तेव्हा कावीळ असेल तर डॉक्टरांना "ते पण करू का" असं आवर्जून विचारा.

आकडा वाचायची एक गोष्ट. एसजीपीटी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट आणि त्याच वेळी बिलिरुबिन दुप्पट, असे दोन्ही एकत्र वाढलेले असतील आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर औषधाने झालेल्या इजेत ते गंभीर धरतात, अशा दहा पेशंटमागे साधारण एकाच्या जिवाला धोका असतो. हा नियम हायमन झिमरमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरच्या निरीक्षणावरून आलाय. असा रिपोर्ट आला तर "पुढच्या आठवड्यात दाखवू" नाही करायचं.

उलट बाजू पण आहे. आदल्या दिवशी जिममधे जोरात लेग्ज मारले असतील तरी एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले दिसतात, कारण ते स्नायूंतून पण येतात, तेव्हा सॅम्पल देताना व्यायामाचं सांगा.

हर्बलनेच झालं हे सिद्ध करणारी एकच अशी टेस्ट नाही. डॉक्टर बाकीची कारणं एकेक करून बाजूला काढतात. आपल्याकडे पावसाळ्यात ए आणि ई कावीळ, डेंग्यू, लेप्टो सगळंच असतं, मग बी, सी, ऑटोइम्यूनच्या टेस्ट, सोनोग्राफीत पित्ताचे खडे, दारू किती, पॅरासिटामॉल किती घेतली. म्हणून टेस्टची यादी लांब वाटली तर "लुटतायत" असं लगेच ठरवू नका, प्रत्येक टेस्ट कशासाठी ते विचारा. कधी लिव्हरचा छोटा तुकडा काढून बघावा लागतो, बायोप्सी, विशेषतः गुळवेलीसारखं ऑटोइम्यून चित्र असेल तेव्हा, कारण त्यावर स्टिरॉइड द्यायचं की नाही हे ठरवायचं असतं.

डॉक्टरसमोर काय न्यायचं

पिशवी. सगळे डबे, बाटल्या, पुड्या एका कापडी पिशवीत घालून न्या, रिकामे झालेले पण. फेकून देऊ नका. उरलेलं औषध झाकण घट्ट लावून ठेवा, पुढे तपासणीला लागू शकतं. जुने एलएफटीचे रिपोर्ट न्या, दोन वर्षांपूर्वी हेल्थ चेकअपमधे केलेला असला तरी, आधी नॉर्मल होतं का ते त्यावरून कळतं.

आणि बोला. घरातल्या मोठ्यांना वाटतं की डॉक्टर ओरडतील, म्हणून ते लपवतात, किंवा सून समोर आहे म्हणून दारूबद्दल गप्प बसतात. तशी अडचण असेल तर सुनेने दोन मिनिटं बाहेर बसावं, बाबांना एकट्याने बोलू द्यावं. डॉक्टर खरंच ओरडले तर शांतपणे सांगा, "सर, चूक-बरोबर नंतर बघू, आधी ह्यातलं कशाने झालं असेल ते बघा." वैद्यांनी औषध दिलं असेल तर त्यांना पण फोन करून कळवा, त्यांनाही कळायला हवं की पेशंटला काय झालंय.

कावीळ "उतरवायला" नेऊ नका

हे मी मनापासून सांगतेय. हर्बलने कावीळ झाली आणि मग कोणीतरी म्हणतं, अमुक गावात काविळीचं झाडपाल्याचं औषध मिळतं, तीन दिवस उपाशीपोटी घ्यायचं, पथ्य पाळायचं, की उतरते. आधीच सुजलेल्या लिव्हरवर परत एक अनोळखी झाडपाला. ज्यांची साधी व्हायरल कावीळ असते ती तशीही काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय त्या पाल्याला मिळतं, म्हणून गावोगाव त्याचं नाव आहे. माळ घालतात, ती लांब होते, कारण काड्यांमधल्या गाठी वाळून सैल होतात. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, ते हाताला आधी चोळलेल्या सालीच्या रसाची चुन्याशी रिअॅक्शन होऊन. माळेने इजा होणार नाही, पण त्यात जो आठवडा जातो तो काहींना परवडत नाही.

पथ्याचं पण, नुसत्या उसाच्या रसावर आणि चण्यांवर माणसाला ठेवू नका. मळमळ असेल तर थोडं थोडं, वरणभात, मऊ खिचडी, ताक, डॉक्टरने मनाई केली नसेल तर प्रोटीन मिळायलाच हवं. दारू पूर्ण बंद. दुखलं-खुपलं तर पॅरासिटामॉल सुद्धा विचारून, किती आणि किती वेळा ते.

सोनोग्राफीत "फॅटी लिव्हर ग्रेड वन" लिहून आलं की लगेच लिव्हर डिटॉक्सचा डबा घेणारे मला दर आठवड्याला भेटतात. त्यासाठी जे खरंच चालतं ते म्हणजे वजन, असलेल्या वजनाच्या ७ ते १० टक्के उतरलं तर लिव्हरची सूज पण कमी होते हे अभ्यासात दिसलंय. ८० किलोच्या माणसाने सहा ते आठ किलो. तलावपाळीच्या फेऱ्या आणि रात्रीचा भात कमी, त्याला डबा लागत नाही.

बरं होताना आणि नंतर

बंद केल्यावर डॉक्टर काही दिवसांनी, मग आठवड्याने असे रिपोर्ट परत करायला सांगतील. एसजीपीटी आधी उतरतं, बिलिरुबिन मागून येतं, आणि खाजही लगेच जात नाही, त्यामुळे पंधरा दिवसांत डोळे पांढरे नाही झाले म्हणून डॉक्टर बदलत बसू नका. एक ते तीन महिने लागू शकतात. पण आकडे उतरायच्या ऐवजी चढतायत, किंवा आयएनआर वाढतंय, तर मात्र लगेच लिव्हर स्पेशालिस्ट गाठा. मुंबईत केईएम, सायन, जेजेला पण गॅस्ट्रोचे (पोट आणि लिव्हरचे) विभाग आहेत, खाजगी परवडत नसेल तर तिथे जा.

जे घेतल्याने झालं ते परत कधीच नाही. थोडंसं पण नाही, दुसऱ्या कंपनीचं पण नाही, "आता शुद्ध मिळालंय" म्हणून पण नाही. दुसऱ्यांदा घेतलं तर त्रास आधीपेक्षा लवकर आणि जास्त जोरात येऊ शकतो. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने त्या वनस्पतीचं नाव लिहून ठेवा, मोबाईलच्या मेडिकल आयडीत टाका, आणि घरातल्या इतरांनी तोच डबा संपवायला घेऊ नये.

आणि कळवा. भारतात औषधांचे दुष्परिणाम नोंदवायला फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम आहे, गाझियाबादहून चालतो, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४, पेशंट किंवा नातेवाईक स्वतः फोन करू शकतात, डॉक्टरनेच करायला हवा असं नाही. आयुष औषधांसाठी वेगळी नोंद पण होते, ती कुठे करायची ते तिथेच विचारा. डबा सप्लिमेंटचा असेल तर एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्टवर तक्रार टाकता येते. बनावट किंवा बिनलायसन्सचं वाटत असेल तर महाराष्ट्राच्या एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे. फोन करायच्या आधी समोर घेऊन बसा: डब्याचा फोटो, बॅच नंबर, कुठून घेतलं त्याची पावती, सुरू केल्याची आणि बंद केल्याची तारीख, पहिला आणि शेवटचा एलएफटी. बिल ऑनलाइनचं असेल तर स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, प्रॉडक्टचं पान नंतर गायब होतं.